दगडातला आत्मा आणि पोलिसाची नोकरी: झिंबाब्वेचा शिल्पकार घडतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनला मुलाकडे गेलात तेव्हा एका बागेतल्या प्रदर्शनात तुम्ही झिंबाब्वेची काळ्या दगडातली शिल्पं पाहिलीत. तिथल्या बाईंनी सांगितलं की हे ‘शोना’ (झिंबाब्वेतला सगळ्यांत मोठा समाज) शिल्पकार दगडासमोर नुसते बसून राहतात आणि आतला आत्मा बोलला की मगच छिन्नी उचलतात. हे खरं का? असा माणूस जगतो कसा, त्याला विषय सुचतात कुठून? आणि एखादं लहान शिल्प घ्यायचं झालं तर बघायचं काय?

मी गेली अठ्ठावीस वर्षं दगडात काम करतो. 2011 च्या जून-जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, हरारेजवळच्या एका कार्यशाळेत सहा आठवडे राहून काम केलं आणि तेंगेनेंगे या शिल्पकारांच्या वस्तीला दोनदा जाऊन आलो. त्या बाई खोटं बोलल्या नाहीत. पण दगड विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट आणि दगड फोडणाऱ्याची सकाळ यांत बरंच अंतर असतं. आत्म्याकडे मी नंतर येतो, आधी दगडाबद्दल बोलू. तिथे सगळं दगडापासूनच सुरू झालं.

आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यावर छिन्नी मारली की ठिणगी उडते, दिवसभरात टोकं तीनदा पाजळून आणावी लागतात, आणि संध्याकाळी बघावं तर ओंजळभर चुरा निघालेला असतो. झिंबाब्वेतला बहुतेक शिल्पांचा दगड म्हणजे सर्पेंटाइन. बेसाल्टपेक्षा तो मऊ, पण साबणदगडासारखा नखाने ओरखडे पडण्याइतका मऊ नाही. हातोडा, छिन्नी आणि कानस एवढ्यावर एक माणूस पंधरवड्यात चांगलं गुडघाभर उंचीचं शिल्प उभं करू शकतो. वीज लागत नाही, मोठी शेड लागत नाही, झाडाची सावली पुरते. गरीब माणसाला परवडेल असा हा दगड आहे, आणि माझ्या मते तिथल्या शिल्पकलेचं निम्मं रहस्य एवढंच आहे.

हा दगड मिळतो तो मुख्यतः ग्रेट डाइक नावाच्या पट्ट्यात. देशाच्या अंगावर उत्तर-दक्षिण ओढलेली सुमारे 550 किलोमीटर लांबीची ही खडकाची रेघ अडीच अब्ज वर्षं जुनी आहे. याच पट्ट्यात क्रोमच्या आणि प्लॅटिनमच्या खाणी आहेत. शिल्पकारांच्या तोंडी मात्र दगडांची नावं वेगळी. स्प्रिंगस्टोन हा सगळ्यांत मानाचा: गच्च, जड, आतून जवळजवळ काळा आणि बाहेरून गंजासारखी तपकिरी-लाल साल. ओपल स्टोन दुधाळ हिरवा. लेपिडोलाइट जांभळा, अभ्रकासारखा पापुद्र्यांचा. व्हर्डाइट गर्द हिरवा आणि महाग. लेपर्ड रॉकवर खरंच बिबट्यासारखे ठिपके असतात, आणि सारखा सुटतो म्हणून नवख्याला तो रडवतो.

तुम्हाला हा दगड हाताळून बघायचा असेल तर झिंबाब्वेला जायची गरज नाही. आपल्या मार्बलच्या दुकानात ‘केसरियाजी ग्रीन’ किंवा नुसता ‘ग्रीन मार्बल’ म्हणून जी हिरवी लादी मिळते, ती राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या ऋषभदेव भागातली. ती मार्बल नाहीच, सर्पेंटाइनच आहे. निम्म्या महाराष्ट्राच्या देवघरांखाली आणि ओट्यांवर हा दगड बसलेला आहे, फक्त त्यात कुणी माणूस शोधत नाही.

आता माणसांकडे येतो. या देशाचं नावच ‘द्झिंबा द्झा माब्वे’ म्हणजे दगडाची घरं यावरून आलं. ग्रेट झिंबाब्वे या जुन्या दगडी नगरीच्या पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या अवशेषांत साबणदगडाचे पक्षी सापडले, त्यांतला एक आज झेंड्यावर आहे. त्यामुळे पर्यटकांना सांगितलं जातं की ही परंपरा तेव्हापासून अखंड चालत आली. तसं नाही. मधल्या कित्येक शतकांत लाकूडकाम होतं, मडकी होती, डोक्याखाली घ्यायच्या लाकडी उशा होत्या. दगडात माणूस कोरण्याची सलग परंपरा नव्हती. आज जिला शोना शिल्पकला म्हणतात ती 1950 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, आणि ती सुरू करणाऱ्यांत एक शेतीखात्याचा माणूस होता.

जोराम मारिगा त्याचं नाव. जन्म 1927 चा, नोकरी पूर्वेकडच्या न्यांगाच्या डोंगराळ भागात. शेतकऱ्यांना पिकं, बांध, खतं शिकवायचं काम. घरात आई मडकी करायची, वडील आणि भाऊ लाकूड कोरायचे. रस्त्याचं काम चालू असताना त्याला हिरवट मऊ दगड दिसला आणि लाकडावर चालणारा हात त्याने दगडावर चालवून पाहिला. सुरुवातीला केली ती भांडीकुंडी. न्यांगाला पॅट पिअर्स नावाच्या चित्रकार बाई राहत होत्या. त्यांच्यामार्फत ही कामं राजधानी सॉल्सबरीला, म्हणजे आजच्या हरारेला, फ्रँक मॅक्युएन यांच्यापर्यंत पोचली आणि तिथून वस्तूंऐवजी आकृत्या सुरू झाल्या. मारिगाने आपले भाचे जॉन आणि बर्नार्ड ताकाविरा यांना शिकवलं, सहकाऱ्यांना शिकवलं, गावातल्या पोरांना शिकवलं. दोघेही भाचे पुढे मोठे शिल्पकार झाले. आपल्याकडे मामाच्या गावाला आंबे खायला जातात, इथे मामाने भाच्यांच्या हातात हातोडे दिले.

मॅक्युएन हे इंग्रज गृहस्थ, पॅरिसमध्ये बरीच वर्षं काढलेले, तिथल्या नामांकित चित्रकारांच्या ओळखीचे. 1957 मध्ये सॉल्सबरीत नॅशनल गॅलरी उघडली तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. गोऱ्या सरकारने ती उघडली होती युरोपातली चित्रं टांगायला. मॅक्युएननी मात्र गॅलरीच्या राखणदारांना आणि कर्मचाऱ्यांना रंग आणि कागद दिले. थॉमस मुकारोब्ग्वा तिथला असाच एक कर्मचारी. आधी चित्रकार झाला, मग शिल्पकार. हळूहळू गॅलरीच्या आवारातच कार्यशाळा उभी राहिली. शिकवायचं नाही, युरोपची चित्रं दाखवायची नाहीत, माणसाच्या आत जे आहे ते बाहेर येऊ द्यायचं, ही मॅक्युएनची पद्धत. पर्यटकांसाठी करतात तसल्या हत्ती-जिराफांना ते ‘एअरपोर्ट आर्ट’ म्हणायचे आणि त्याच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत.

मला हे गृहस्थ आवडतात आणि खटकतातही. ते नसते तर 1971 साली पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात ही शिल्पं लागली नसती. पण ‘शिकवायचं नाही’ म्हणताना काय निवडायचं आणि काय नाकारायचं हे तेच ठरवत होते. ज्या शिल्पात देव, पितर, पशूचा माणूस होणं असे विषय असतील ते त्यांना अस्सल वाटायचं. ज्याला घर चालवायचंय तो शिल्पकार साहेबाला काय आवडतं हे दोन महिन्यांत ओळखतो. तुम्हाला बाईंनी सांगितलेल्या आत्म्याच्या गोष्टीची एक मुळी इथे आहे.

आता ज्या एका माणसाचं आयुष्य तुमच्या प्रश्नाला सगळ्यांत चांगलं उत्तर देतं, त्याच्याकडे येतो: निकोलस मुकोंबेरान्वा.

1940 मध्ये बुहेरा भागात जन्म. शिक्षणासाठी तो सेरिमा मिशनमध्ये गेला. फादर जॉन ग्रोबर या स्विस धर्मगुरूने 1948 मध्ये हे मिशन सुरू केलं होतं, आणि ते स्वतः वास्तुविशारदही होते. त्यांनी चर्च बांधलं आणि त्याचे दरवाजे, खांब, वेदी सगळं शाळेतल्या मुलांकडून कोरून घेतलं. येशू, मरियम, संत हे विषय; पण चेहरे आफ्रिकन, मुखवट्यांसारखे. मुलांना आधी नक्षीचे आकार काढायला लावायचे, आफ्रिकेच्या दुसऱ्या भागांतले मुखवटे अभ्यासायला लावायचे, मग लाकूड हातात. म्हणजे ज्या शिल्पकाराला पुढे उपजत आफ्रिकन प्रतिभा म्हणून जगापुढे मांडलं गेलं, त्याने सेरिमात शिस्तीत आकार कापायला शिकून घेतलेलं होतं. मुकोंबेरान्वाच्या दगडातले ते चौकोनी डोळे, कापून बसवल्यासारखे गालांचे तुकडे बघून लोक पटकन पॅरिसच्या क्यूबिझमचं, म्हणजे आकृती कोनाकोनांत तोडून मांडणाऱ्या शैलीचं, नाव घेतात. मी आधी सेरिमाच्या लाकडी खांबांचं घेईन.

1962 मध्ये तो सॉल्सबरीला आला आणि पोलिसात भरती झाला. याच काळात त्याची मॅक्युएनशी गाठ पडली आणि कार्यशाळेत जाणं सुरू झालं. पुढची दीड दशकं त्याने दोन आयुष्यं जगली: ड्युटीच्या वेळात वर्दी, उरलेल्या वेळात दगड. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ शिल्पकार झाला. पुढे हरारेच्या पूर्वेला रुवा इथे जमीन घेऊन तो राहिला आणि तिथेच मुलांना, मुलींना, पुतण्याला या कामात तयार केलं. घरच्या घरी शिल्पकारांची एक पिढीच उभी राहिली. 2002 मध्ये तो गेला.

तारखा बाजूला ठेवून हा काळ डोळ्यांपुढे आणा. 1965 मध्ये गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने ब्रिटनपासून स्वतःच स्वातंत्र्य जाहीर केलं. सत्तरच्या दशकात जंगलात स्वातंत्र्यासाठी युद्ध चालू होतं. देश खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला 18 एप्रिल 1980 ला. या सगळ्या धुमश्चक्रीतली बरीच वर्षं हा काळा माणूस त्या सरकारच्या पोलिसात होता. पोलीस काय बघतो? भिकारी, दारुडे, नवऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या बायका, शहरात येऊन हरवलेली गावची माणसं, आणि साहेबासमोर वाकलेली मान. मुकोंबेरान्वाच्या शिल्पांत पितर आणि देव आहेतच, पण त्याहून जास्त माणसं आहेत: चिंतेत बसलेली, कुटुंबाला कवटाळलेली, सत्तेच्या ओझ्याने जड झालेली. हात बहुधा चेहऱ्याइतके मोठे. मान जवळजवळ नाहीच, कारण डोकं खांद्यांतून उपटून काढायला तो तयार नाही. दगडाचा मूळ ठोकळा शेवटपर्यंत जाणवत राहतो.

शिल्पकार म्हणून सांगतो, मान न कोरण्यात एक कारागिरी आहे. सर्पेंटाइनमध्ये मान हा सगळ्यांत कमकुवत भाग. आतून एखादी नस गेली असेल तर डोकं प्रवासातच गळून पडतं. ट्रकने खडबडीत रस्ते, मग जहाजाचा कंटेनर, मग परदेशातली थंडी: जे शिल्प एवढं सोसणार त्याला बारीक मान परवडत नाही. समीक्षक त्याला आदिम घनता म्हणतात. असेलही. पण पहिलं कारण दगडाचं, मग मनाचं. माझ्या अनुभवात प्रेरणा याच क्रमाने येते.

दुसरी वाट तेंगेनेंगेची. 1965 च्या त्या घोषणेनंतर ऱ्होडेशियावर, म्हणजे तेव्हाच्या झिंबाब्वेवर, आर्थिक निर्बंध आले आणि तंबाखूचा बाजार बसला. गुरुवे भागात टॉम ब्लूमफील्ड नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याची तंबाखूची शेती होती. मारिगाच्या हाताखाली शिकलेला क्रिस्पेन चाकान्युका तिथे आला आणि त्याने त्याला दाखवलं की तुझ्या जमिनीवर कोरण्याजोगा दगड पडलाय. ग्रेट डाइक शेजारीच! 1966 पासून शेतमजूर दगड कोरू लागले. कुणी मलावीहून आलेला, कुणी मोझांबिकचा, कुणी अंगोलाचा, कुणी स्थानिक. म्हणजे शोना शिल्पकलेतले कितीतरी शिल्पकार मुळात शोना नव्हतेच. चेवा, याओ अशा दुसऱ्या जमातींचे होते, त्यांचे मुखवटे वेगळे, नाच वेगळे, देव वेगळे. शोना हा शिक्का गॅलऱ्यांना सोयीचा पडला, तो तसाच राहिला.

तिथे 1967 मध्ये हेन्री मुन्याराद्झी आला. शाळा पाहिलेली नाही. लोहारकी केलेली, सुतारकी केलेली, तंबाखूच्या पानांची प्रतवारी केलेली, आणि त्या वेळी हाताला काम नाही. वय पस्तिशीच्या पुढे. या माणसाने जे केलं ते बघून मी दोन दिवस माझी छिन्नी उचलली नव्हती. एक अंडाकृती किंवा चौकोनी दगड, त्यावर खोल सरळ रेघ म्हणजे नाक, दोन गोल म्हणजे डोळे, झाला चेहरा. बाकी दगड जवळपास तसाच. लोक म्हणतात साधं आहे. करून बघा! रेघ एक मिलिमीटर इकडे झाली की चेहरा मरतो. लोहाराला एकाच घावात आकार द्यायची सवय असते, तापलेलं लोखंड दुसरी संधी देत नाही, हे मला त्याच्या रेघेत दिसतं. हा माझा अंदाज, पण मी त्यावर ठाम आहे. शिल्पावर सही एवढीच: ‘हेन्री’. शोना भाषेत मुन्याराद्झी म्हणजे सांत्वन करणारा.

बर्नार्ड मातेमेरा याच शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या आकृत्या अवाढव्य, फुगलेल्या, हातापायांना तीन-तीन बोटं. काहीजण त्याचा संबंध झांबेझी खोऱ्यातल्या वाडोमा लोकांशी लावतात. त्यांच्यातल्या काहींच्या पायांना जन्मतः दोनच मोठी बोटं असतात आणि त्यांच्याबद्दल भोवतालच्या गावांत पुष्कळ दंतकथा आहेत. याच मातेमेराला 1986 मध्ये आपल्या ललित कला अकादमीने दिल्लीत पुरस्कार दिला होता. आपल्याकडे किती शिल्पकारांना हे माहीत आहे? मला स्वतःला ते कळलं तेंगेनेंगेत, एका म्हाताऱ्या माणसाने ‘तू इंडियाचा, मग बर्नार्डचं बक्षीस ठाऊक असेल’ म्हटल्यावर. मी मान हलवली आणि रात्री लाज वाटली.

आता आत्म्याची गोष्ट. शोना समाजात पितरांना ‘वाद्झिमू’ म्हणतात. माणूस मेला की संपत नाही, तो घराण्याकडे लक्ष ठेवून असतो; त्याला विसरलात तर घरात आजारपणं येतात. ज्याच्या अंगात येतं त्याला ‘स्विकिरो’ म्हणतात. 1898 मध्ये इंग्रजांनी नेहांडा या पितर-आत्म्याची स्विकिरो असलेल्या स्त्रीला फाशी दिली. ती आज तिकडे स्वातंत्र्याची आई मानली जाते. म्हणजे हे काही पर्यटकांसाठी रचलेलं नाही, त्यात रक्त सांडलेलं आहे. याशिवाय प्रत्येक कुळाचा ‘मुतुपो’ असतो: सिंह, माकड, हत्ती, हृदय. त्या प्राण्याचं मांस त्या कुळाने खायचं नाही, आणि एकाच मुतुपोत लग्न नाही. देवक माहीत असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिल्पांत अर्धा माणूस अर्धा पक्षी दिसतो, माकडाच्या तोंडाचा माणूस दिसतो, तो विषय असा घरातून येतो. पाण्यात राहणारी ‘न्झुझू’ माणसाला ओढून नेते आणि वैद्यकी शिकवून परत पाठवते, ही आजीची गोष्ट. घुबड म्हणजे चेटकिणीचा दूत, हीसुद्धा आजीचीच.

पण मी ज्यांच्या शेजारी बसून काम केलं त्यांच्यात कुणी तास-तास डोळे मिटून बसलेला दिसला नाही. ते दगडावर पाणी ओतायचे. सगळं पाणी वाळलं तरी चिरेतलं पाणी शेवटपर्यंत राहतं, त्यावरून कुठे भेग आहे ते कळतं. मग हातोडीने टकटक करून आवाज ऐकायचे. चांगला स्प्रिंगस्टोन घंटेसारखा वाजतो, आतून फुटलेला बद्द बोलतो. मग दगड चार बाजूंना फिरवून ठेवायचे. माझ्या शेजारच्या माणसाला मी विचारलं, ‘आत काय दिसतंय?’ तो म्हणाला, ‘इथे बाईची पाठ आहे, तिथे नस आहे, म्हणून डोकं इकडे.’ दगडाने बोलणं म्हणतात ते हेच असेल, तर माझ्या आजोबांशीही दगड बोलायचा. ते वरवंटे टाकवायचे.

दिवसाचा क्रम सांगतो. उजाडल्याबरोबर काम सुरू, कारण दुपारी दगड तापतो. जाड छिन्नीने मोठे टवके, मग टोकाची छिन्नी, मग दातेरी, मग कानस. पुढे घासणं: पॉलिश पेपर, पत्र्याचं पिंप उभं कापून केलेली पाण्याची कुंडी, जाड कागदापासून बाराशे नंबरपर्यंत. तिकडे याला धुणं म्हणतात. बरेचदा ते काम बायका, पोरं, नवे उमेदवार करतात आणि त्यांची नावं कुठेच लागत नाहीत. दगड घासून झाला तरी तो राखाडीच दिसतो. मग भोवती जाळ करून तो हळूहळू तापवायचा आणि तापलेल्या दगडावर मेण चोळायचं. डोळ्यांदेखत राखाडीतून काळा वर येतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा घाई करून एका बाजूनेच जाळ केला. तीन आठवड्यांचं काम टाळकन आवाज करून दोन तुकडे झालं. सगळे हसले, मग कुणीतरी साद्झा वाढला. साद्झा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत पालेभाजी. झुणका नव्हता एवढंच.

ज्या जागा तापवून मेण लावलं त्या काळ्या, ज्या सालीसकट तशाच सोडल्या त्या तपकिरी. या फरकाचा सगळ्यांत सुंदर उपयोग कोलीन मादामोंबे या शिल्पकार बाईने केला. चेहरा आणि हात काळे गुळगुळीत, आणि घेरदार झगा दगडाच्या सालीचा, छिन्नीचे घाव तसेच ठेवलेला. जाडजूड, खुशालचेंडू, पोटुशा, पाठीला पोर बांधलेल्या बायका. त्यात पितर नाहीत, गूढ नाही. बाजारात जाणारी शेजारीण आहे. पुरुषांच्या या धंद्यात ती 2009 मध्ये, पंचेचाळिशीत गेली. अ‍ॅग्नेस न्यान्होंगो ही दुसरी, शिल्पकाराचीच मुलगी. आणि तापफूमा गुत्सा हा तर लंडनला शिकून आला, दगडात लाकूड, लोखंड मिसळू लागला आणि दगडातला आत्मा या चौकटीत बसायलाच तयार झाला नाही. 2011 च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे व्हेनिसला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, झिंबाब्वेच्या दालनात त्याचं काम होतं. तो आफ्रिकन नाही असं कोण म्हणेल?

पोटाचं काय, हा प्रश्न तुम्ही हळूच विचारलात पण तोच मोठा. फार थोडे शिल्पकार गाडी-बंगल्यापर्यंत पोचले. बाकीचे आपलं काम गॅलरीत ठेवायला देतात. विकलं तर पैसे, तेही कधी वर्षाने. 2008 च्या महागाईत तिकडे चलनच कोसळलं. जानेवारी 2009 मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट निघाली. मला ती एकाने आठवण म्हणून दिली, माझ्या पाकिटात अजून आहे. पर्यटक येईनासे झाले. त्या दिवसांत ज्यांचा एखादा परदेशी गिऱ्हाईक टिकून होता ते तगले. बाकीचे रस्त्याकडेला बसून दोन वेटोळ्यांचं ‘प्रेमी जोडपं’ आणि ‘कुटुंब’ एकासारखं एक काढत राहिले. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार वाटत नाही. गणपतीच्या हंगामात मीही साच्यातून मूर्ती काढल्या आहेत.

एक गोष्ट तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही, मी बोलतो: धूळ. सर्पेंटाइनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, आणि आता हातकामाच्या जागी ग्राइंडर आल्याने धूळ पीठासारखी बारीक होते. निम्म्या लोकांच्या तोंडावर फडकंही नव्हतं. तुम्ही घरी ग्रीन मार्बलचा तुकडा कोरून बघणार असाल तर दगड सतत ओला ठेवा, ग्राइंडर लावू नका, चांगल्या प्रतीचा मास्क वापरा आणि ते कपडे घरात झटकू नका.

शेवटी विकत घेण्याबद्दल. आधी शिल्प उलटं करून तळ बघा. तळाशी छिन्नीच्या खुणा आणि कोरलेलं नाव दिसलं तर बरं. नुसतं बुटपॉलिश फासलेला साबणदगड असेल तर तळावर नख उमटतं, स्प्रिंगस्टोनवर उमटत नाही. मान, कान, बोटं यांच्याजवळ ओला हात फिरवा, चीर असेल तर ओली रेघ राहील. काळ्या मेणाने बुजवलेली भेग उजेडात तिरकी धरली की वेगळी चमकते. मोठ्या नावाच्या शिल्पासोबत कागद मागा, कारण हेन्रीच्या सहीच्या नकला पुष्कळ आहेत. आणि विकणारा जर आत्म्याबद्दल फारच बोलायला लागला, तर त्याला दगडाचं नाव आणि शिल्पकाराचं गाव विचारा.

घरी आणल्यावर उन्हात किंवा पावसात ठेवू नका. वर्षातून एकदा केस वाळवायच्या मशीनने दगड हाताला सोसेल इतका गरम करा, रंग नसलेलं मेण पातळ चोळा आणि थंड झाल्यावर जुन्या सुती धोतराच्या फडक्याने पुसा. जिथे शिल्पकाराने दगड खडबडीत ठेवलाय तिथे मेण लावू नका, ती जागा त्याने तशीच सोडलेली असते.